बाकी २१८

४ मार्च

दादा,

नमस्कार. साष्टांग घालत नाही, नाहीतर तू लगेच म्हणशील, "ऊठ, कपडे मळतील." आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं मी धरून चालते, कारण तू स्वतःहून कळवशील ही आशा मी कधीच सोडली. मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. आई तुझी बाजू घेते. म्हणते, "हात दुखत असेल त्याचा." तेरा वर्षं हात दुखतो का कुणाचा?

आईची नोकरी आता आठ महिने उरली. वॉर्डातल्या नव्या मुलींना ती इतकी ओरडते की त्या रडत रडत सुया मोजतात. ताईने पुन्हा केस बारीक कापले आणि पुन्हा रडली. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, बारीक अक्षर बघायचं नाही हं." अण्णा म्हणाले, "अक्षर कोण बघतंय? मी आकडे बघतो." त्या हसल्या. आम्ही कोणी हसलो नाही.

आता मुद्द्यावर येते. नाहीतर तूच म्हणशील की ही नेहमीसारखी दाराशी घुटमळतेय.

संख्याकोशाच्या कचेरीत मला तीन वर्षं होतील. एकेका संख्येचं कार्ड करायचं, हे माझं काम. तिचे अवयव कोणते, भाजक किती, स्वतःला वगळून त्या भाजकांची बेरीज किती, त्या बेरजेवरून संख्या न्यून ठरते की विपुल की परिपूर्ण, चाराने भागल्यावर काय उरतं, दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येते का. यंत्र सांगतं, मी पडताळते, मग संपादक सही करतात. त्यांना आम्ही मागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण ते कोणाचंही वाक्य मध्येच संपवतात. यंदा त्यांनी 'वाचकांच्या संख्या' अशी पुरवणी काढलीय. लोकांनी आपल्याला प्रिय असलेली मोठी संख्या पाठवायची आणि ती का प्रिय, ते लिहायचं. एकाने आपलं वजन मिलिग्रॅममध्ये पाठवलं. एकीने नवऱ्याचा फोन नंबर पाठवून खाली लिहिलं, "विचित्र संख्या या वर्गात घालावी."

गेल्या सोमवारी त्याच गठ्ठ्यात अण्णांचं अक्षर दिसलं.

९,५०,८३,४३३. खाली लिहिलंय: "मूळ संख्या. हाताने तपासलेली. सर्व १२०३ भागाकारांच्या वह्या शाबूत आहेत. तपासणारे: वडील, मुलगा, दोन मुली."

मुलगा! दुकानात वजनकाटा दुरुस्तीला घेऊन येणाऱ्याने सहज विचारलं तरी जो माणूस तेरा वर्षं "मला दोन मुली" एवढंच सांगतो, त्याने शाईने 'मुलगा' लिहिलं. आणि मी त्याच कचेरीत बसते हे माहीत असून टपालाने पाठवलं. मी विचारलं तर म्हणतात, "ओळखीने नको. रीतसर येऊ दे."

तुला सगळं आठवत असणार, तरी लिहिते, कारण मला ते एकदा नीट लावून बघायचंय. दुकानातल्या काचेच्या पेटीतला काटा, त्याच्या पितळी पट्टीवरचा हा नंबर. मी दहा वर्षांची, ताई तेरा, तू पंधरा. मी तोवर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. दुकानामागचं टेबल हीच माझी शाळा. अण्णा म्हणाले, हिला कोणी भागतं का ते बघू. ९७५१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, म्हणजे १२०३ भागाकार. रोज आठ, प्रत्येकी दोन. आधी अण्णा, मग तू, मग ताई, शेवटी मी. दर शंभराव्या भागाकाराला अण्णा गल्ल्यावरची घंटा वाजवायचे आणि लिंबाची गोळी मिळायची. हिशेबच असा बसला की विषम शेकडे तुझ्या वाट्याला यायचे आणि सम शेकडे माझ्या. ताईला एकदाही घंटा आली नाही, आणि ती अजून ते काढते. आई दारातून म्हणायची, "चौघं मिळून एक आकडा फोडताय, एक भांडं नाही घासत."

आणि नियम दोनच. यंत्राला विचारायचं नाही. दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही. ज्याचा भागाकार, त्याचा शब्द.

पाच महिन्यांनी कोणीच निःशेष भागलं नाही म्हणून अण्णांनी ती मूळ ठरवली. चार वर्षांनी तू कॉलेजातून नवी रीत शिकून आलास. दोनाचा वर्ग, त्याचा वर्ग असं करत जायचं, दरवेळी आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. संख्या मूळ असेल तर शेवटी ठरलेल्या जागी एक उरतो. तुझा एक उरला नाही. तू म्हणालास, "अण्णा, ही मूळ नाही." अण्णा म्हणाले, "भाजक दाखव." तू म्हणालास, "या रीतीत भाजक कळत नाही. फक्त तो आहे एवढं कळतं. वह्या पुन्हा तपासू." अण्णा म्हणाले, "म्हणजे माझ्या घरात कोणीतरी खोटं लिहिलं असं म्हणतोस?" पुढचं लिहीत नाही. तुझी पेटी मोठी होती आणि जिना अरुंद, एवढंच मला आठवतं.

पण तुला माहीत नाही ते हे. तू गेल्यावर अण्णा वर्ग शोधायला लागले. चाराने भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी जोडी एकच असते. आपल्या संख्येला चाराने भागलं तर एक उरतो. म्हणजे मूळ असेल तर जोडी असायलाच हवी. "ती मिळाली की पाठवतो त्याला," म्हणाले. एकापासून ६८९५ पर्यंत प्रत्येक संख्येचा वर्ग वजा करून उरलेला वर्ग आहे का बघायचं. रोज दोन, जास्त नाही, कमी नाही. साडेनऊ वर्षांत फेरी पुरी झाली. जोडी मिळाली नाही. मग काय केलं असेल? पुन्हा एकापासून सुरू केलं! म्हणाले, "माझीच वजाबाकी कुठेतरी चुकली. पोरींची बाकी चुकायची नाही."

आता डोळ्यांमुळे रविवारी मी वाचून दाखवते आणि ते करतात. दुसरी फेरी अडीच हजारांच्या पुढे गेलीय.

सोमवारी मी ती संख्या यंत्रात घातली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. अण्णांचा नियम म्हणून इतकी वर्षं घातली नव्हती, असं समज. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. तू बरोबर होतास. दोन अवयव आहेत. भाजकांची बेरीज स्वतःच्या मानाने इतकी किरकोळ की न्यून म्हणायलाही लाज वाटावी. आणि दोन वर्गांची बेरीज? होतच नाही. अण्णा शंभर फेऱ्या करू देत.

पंचवीस तारखेला पुरवणी छापायला जाते. मी काय करू ते सांग. कार्ड दाबून टाकू? 'मूळ' म्हणून सही होऊ देऊ? ते माझ्याच्याने होणार नाही. अण्णांना सांगू? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत की नंतर? तू मोठा आहेस. कधीतरी मोठ्यासारखं काहीतरी सांग.

तुझी,
धाकटी


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "कुठला भाजक, ते लिहिलं नाहीस." पाच शब्द. पत्ता लिहायला तुला याहून जास्त शाई लागली असेल. मी चार पानं लिहिली, आईची नोकरी, ताईचे केस, अण्णांचे डोळे, आणि तुझं लक्ष नेमकं कुठे गेलं?

आई म्हणाली, "बघ, हात बरा झाला."

लिहिलं नाही, कारण विसरले. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि ते खोटं आहे. खोडतही नाही, राहू दे तसंच.

दोन दिवस मी तुझ्या या कार्डाशी भांडतेय. कचेरीत पूर्णविराम आले, म्हणाले, "त्या आठ आकडीचं काय झालं?" मी म्हटलं, "सर, ती मूळ नाही, पण पाठवणाऱ्यांनी—" "मग खोडा आणि संयुक्त लिहा." "पण पाठवणारे—" "कोणी का असेना. संख्येला बाप नसतो." असं म्हणून गेले. मी तिथेच बसून हसत राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी घेऊन आल्या.

भाजक ७९१९ आहे. दुसरा १२००७.

७९१९ ही हजारावी मूळ संख्या. तुला हे सांगायची गरज नाही. सव्वाशेवा दिवस, आठवा भागाकार, शेवटचा वाटा. माझा.

बाराशे तिनांपैकी हीच! अण्णांच्या वाट्याला तीनशेच्या वर होत्या, तुझ्या, ताईच्या. त्यातली एखादी चालली नसती का? एखादी त्रेपन्न, एखादी पाच हजार तीन? छे. हिला घंटाच हवी होती.

परवा माळ्यावरून माझी वही काढली. दहा वर्षांच्या मुलीचं अक्षर, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर उमटलीय. ९५०८३ मध्ये ७९१९ बारा वेळा, उरले ५५. चार उतरवला, ५५४, जात नाही, शून्य. तीन उतरवला, ५५४३, जात नाही, शून्य. शेवटचा तीन उतरवला, ५५४३३. आणि तिथे थांबलेय. भागाकारात शेवटचा आकडा लिहिलेलाच नाही. जागा कोरी. खाली मात्र ठळक: बाकी २१८.

तुला तो दिवस आठवतो ना? हजारावा झाला की सगळ्यांनी तळ्यावर होडीत बसायला जायचं होतं. आईने मुद्दाम सुट्टी घेतली होती. तुमचे भागाकार झाले होते, तू पायात चपला घालून उंबऱ्यावर, अण्णांचा हात घंटेवर. समोरच्या थांब्यावर पाचची बस येऊन उभी, आणि तू ओरडलास, "धाकटे, आटप! गेली बस!" मला एकच गुणाकार करायचा होता. ७९१९ गुणिले ७. मला सातचा पाढा येत होता, दादा. झोपेत येत होता. मी मान वर केली, बसच्या कपाळावर २१८ दिसलं, आणि तेच लिहिलं. घंटा वाजली.

बाकी काहीही असो, शून्य नसली म्हणजे झालं, असं मी मनात म्हटलं. इतक्या संख्यांनी भागलं नाही, ही एकटी कशाला भागेल? उद्या करीन. उद्या आठ नवे होते. परवा आठ नवे होते. मग सगळे संपले आणि अण्णांनी ती संख्या मूळ म्हणून पाटीवर लिहिली, आणि त्या पाटीखाली बसून 'माझा एक राहिलाय' असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

हे दहाव्या वर्षीचं. ते मी स्वतःला माफ केलं असतं. ज्या दिवशी तू वह्या उघडा म्हणालास, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अण्णांनी आधी ताईला विचारलं, मग मला. "धाकटे, तुझा प्रत्येक भागाकार पुरा झालाय ना?" मी म्हटलं, "हो." कोणी चिमटा काढला नाही, धमकी दिली नाही. सरळ उभं राहून म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतास. नंतर जिन्यावरून तुझी पेटी उतरवायला मीच एक कडी धरली होती.

मला सांग, अशा माणसाने दुसऱ्यांची कार्डं पडताळायची! मी कचेरीत तीन-तीनदा तपासते, दशमांश चिन्हासाठी परत जिने चढते. सगळे म्हणतात किती काटेकोर. काटेकोर नाही. मी त्या एका गुणाकाराभोवती सतरा वर्षं फेऱ्या मारतेय आणि दर रविवारी अण्णांना वर्ग वाचून दाखवतेय.

आता तुझ्याकडे येते, कारण चीड फक्त माझ्यावर पुरत नाही.

मला नोकरी लागली तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस, आठवतं? "अभिनंदन. सावकाश कर. घंटा कुठे पळून जात नाही." मला वाटलं, तू नव्या नोकरीबद्दल बोलतोयस. परवा वही मिटताना ते कार्ड डोक्यात आलं आणि मी माळ्यावरच बसले. तुला माहीत होतं. तू घर सोडलंस आणि पहिलं यंत्र दिसलं तिथे ती संख्या घातली असशील. तो नियम तुला आता कोण लावणार होतं? उत्तर आलं ७९१९. हजारावी कोणाच्या वाट्याची, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? सम शेकडे धाकटीचे. म्हणजे तू तेव्हापासून जाणतोस. एक कार्ड अण्णांना पाठवायचं होतं, त्यावर एकच संख्या लिहायची होती. भाजक मागितला होता ना त्यांनी? तो तुझ्या खिशात होता! आणि तू गप्प.

तुला कोणी सांगितला होता हा मोठेपणा? मी मागितला होता? तू मला वाचवलंस आणि अण्णांना तेरा वर्षं वर्ग शोधत बसवलंस. मी खोटी, तू मुका, आणि तो म्हातारा भिंग घेऊन स्वतःची वजाबाकी तपासतोय. कसली भावंडं आपण!

रागावून लिहिलं. शब्द मागे घेत नाही.

रविवारी अण्णांना सांगणार आहे. आता तू काय लिहिशील याची वाट बघत नाही.

धाकटी


२४ मार्च

दादा,

सांगितलं.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच पटणार नाही.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी नेहमीसारखं टेबल पुसलं, दोन पेन्सिलींना टोक केलं. दोन हजार सहाशे अकराचा वर्ग वजा केला. शेवटी दोन आला. "वर्ग दोनावर संपत नाही," अण्णा खुशीत म्हणाले, "हा फुकटात गेला. पुढचा वाच." मी म्हटलं, "पुढचा नको." "का? दमलीस?" मी म्हटलं, "अण्णा, जोडी नाहीये. मिळणार नाही. ७९१९ ने भाग जातो. तो माझा होता आणि मी तो पुरा केला नव्हता."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते, ताईलाही सांगून ठेवलं होतं की आतल्या खोलीत थांब. त्यांनी फक्त हात पुढे केला. "वही दे."

"तुम्ही म्हणता दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही."

"मी डोकवत नाहीये. तू दाखवतेयस."

भिंग घेऊन त्यांनी ते पान बघितलं. कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला. मग पेन्सिल घेऊन समासात सात नव्वं त्रेसष्ट सुरू केलं. मी उत्तर सांगणार होते, त्यांनी डोळे वटारले. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून, एकेक आकडा, हातचा वर लिहून. त्या एका गुणाकाराला किती वेळ लागला असेल? मला ओरडावंसं वाटत होतं. ५५४३३. मग माझ्या ५५४३३ खाली तो उतरवला, रेघ मारली आणि शून्य काढलं. गोल, नीट, दोनदा गिरवलेलं.

"दोनशे अठरा कुठून आणलंस?"

"बसचा नंबर होता. तळ्याच्या. ती सुटेल म्हणून."

"पाचची?"

"हो."

अण्णांनी वही मिटली. मग म्हणाले, "ती बस गेलीच की. ताईचा बूट सापडेना. आपण सहाच्या बसने गेलो."

आतून ताई ओरडली, "माझं नाव कशाला मध्ये?"

दादा, मला आठवतच नव्हतं. सतरा वर्षं मी त्या पाचच्या बसमध्ये बसलेय. आपण त्या थांब्यावर तासभर उभे होतो. तासभर! त्या तासात मी असे वीस गुणाकार केले असते.

त्यानंतर अण्णा दुपारपर्यंत काट्याच्या पेटीची काच पुसत बसले. एकदाच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्याला म्हणालो होतो, भाजक दाखव." मग थोड्या वेळाने: "त्याच्याकडे होता का?" मी खोटं बोलणार नव्हते. म्हटलं, "बहुतेक होता." त्यावर त्यांनी काच पुन्हा पुसली. आई ड्यूटीवरून आली, चपला काढता काढता तिने तिघांची तोंडं बघितली आणि म्हणाली, "फुटला वाटतं आकडा एकदाचा." आणि आत जाऊन रडली. तिला मी कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. नळ सोडून रडते ती, आवाज जाऊ नये म्हणून.

माझ्यावर अण्णा रागावलेले आहेत. खोटं कशाला सांगू? आठ दिवस झाले, "पेन्सिल दे," "दिवा लाव," याच्यापुढे बोलणं नाही. ते बरोबरच आहे. मीही त्यांच्या जागी असते तर इतक्या लवकर बोलले नसते. पण गेल्या बुधवारी एक झालं.

मी पुरवणीचं कार्ड घरी आणलं होतं. संयुक्त; अवयव ७९१९ आणि १२००७; भाजक चार; न्यून; दोन वर्गांची बेरीज नाही. म्हटलं, पाठवणारे तुम्ही आहात, बघून घ्या. अण्णांनी वाचलं आणि १२००७ वर बोट ठेवलं.

"हा मूळ आहे असं कोण म्हणतं?"

"यंत्र म्हणतं."

"यंत्राचं राहू दे. आपण कुठे बघितलंय?"

आणि नवा कागद घेतला. १२००७ साठी १०९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. एकोणतीस. त्यांनी पहिल्या सात स्वतःकडे घेतल्या, पुढच्या सात ताईला, पुढच्या सात मला. आणि उरलेल्या आठ वेगळ्या कागदावर लिहिल्या. ७९, ८३, ८९, ९७, १०१, १०३, १०७, १०९. प्रत्येकीखाली भागाकाराला भरपूर जागा सोडून. वरती काही लिहिलं नाही. कोणाचा ते सांगितलंही नाही. कागदाची घडी घालून माझ्यापुढे सरकवली.

ताई म्हणाली, "म्हणजे शेवटचा पुन्हा मला नाहीच! सतरा वर्षांपूर्वीही हाच अन्याय!" अण्णा म्हणाले, "मग घे १०९." ताईने कागद हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला. "राहू दे. भागाकार त्याचा. पण घंटा मी वाजवणार. तो आल्याशिवाय वाजवणार नाही, आणि टपालाने आकडे पाठवले तर मी ते धरणार नाही, हे त्याला कळव." कळवलं.

आज कचेरीत पूर्णविरामांना म्हटलं की हे कार्ड पंचवीसला देता येणार नाही, दुसऱ्या अवयवाची हाताने तपासणी अजून पुरी व्हायची आहे, तपासणारे चौघे आहेत आणि एक जण बाहेरगावी असतो. ते मध्ये बोलले नाहीत. सगळं वाक्य ऐकलं. मग म्हणाले, "किती भागाकार राहिलेत?" मी म्हटलं, "आठ." म्हणाले, "दोन अंकी भाजक?" मी म्हटलं, "पाच तीन अंकी आहेत." चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुरवणीचं शेवटचं पान पुढच्या महिन्यापर्यंत उघडं ठेवता येईल." मी इतकी गडबडले की त्यांना साष्टांग घालायची राहिले. नंतर जिन्यात लक्षात आलं, मी खोटं बोलले. तीन अंकी पाच नाहीत, चार आहेत. वर गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, "जा घरी."

सोबत अण्णांचा कागद आहे. घडीवर डाग आहे तो चहाचा, दुसरा कसला नाही. अण्णांचे सात झाले, ताईचे सात झाले. भाग कशानेच गेला नाही. दर संध्याकाळी अण्णा गल्ल्यावरची घंटा फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. वर्गांच्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सहा तारखेला आहे. त्याआधी आलास तर ते तुला एका डोळ्याने बघतील, नंतर आलास तर दोन. तू ठरव. जिना अजून तेवढाच अरुंद आहे, पेटी लहान आण.

माझेही सात झाले आहेत. प्रत्येकाचा शेवटचा आकडा लिहिलाय, गुणाकार करून, खाली रेघ मारून. ही वही मी टेबलावर उघडी ठेवलीय. तू आल्यावर तिच्यात डोकाव.

धाकटी